काडतूस घरी भरता येतं का? रिलोडिंगचं प्रेस, डाय आणि वाशिमच्या शेतातली बारा बोअर

समजा, रिसोड तालुक्यातलं एक घर आहे. आजोबांच्या नावावर पीक संरक्षणाचा परवाना आहे आणि भिंतीवर एक जुनी दोननळी टांगलेली आहे. तुरीच्या शेंगा भरल्या की रानडुकरांचा कळप उतरतो, रोही तर दिवसाढवळ्या हरभऱ्यात उभे असतात. नातू जागलीला जातो. शेतात टॉर्च, हातात मोबाईल. त्या मोबाईलवर कुणीतरी अमेरिकन माणूस गॅरेजमध्ये बसून एक दांडा खाली ओढतो आणि वापरलेल्या पुंगळीतून नवंकोरं काडतूस बाहेर काढतो. खाली लिहिलेलं असतं, अर्ध्या खर्चात घरच्या घरी.

नातवाच्या डोक्यात प्रश्न येणं साहजिक आहे. काडतुसं महाग, विक्रेता लांब, आणि घरात रिकाम्या पुंगळ्यांचा डबा भरलेला. मग हे मशीन घेतलं तर? कोणतं घ्यायचं? आणि ते डाय म्हणजे काय?

उत्तर आधीच सांगून टाकतो, कारण इथं उत्तर शेवटी ठेवण्यात मजा नाही. भारतात बंदुकीच्या साध्या परवान्यावर घरी काडतूस भरता येत नाही. इतकंच नाही, ते भरायचं मशीन घरात असणंसुद्धा कायद्याच्या नजरेत दारूगोळा बाळगण्यासारखंच आहे. परवान्याशिवाय दारूगोळा बनवण्याची शिक्षा किमान सात वर्षांपासून सुरू होते. पण असं का, हे मशीन नेमकं करतं काय आणि बारा बोअरसाठी डायचा प्रश्नच चुकीचा का आहे, हे समजून घेण्यासारखं आहे.

काडतुसाच्या पोटात काय असतं?

काडतूस हा शब्द आपल्याकडे पोर्तुगिजांकडून आला. पूर्वी काडतूस म्हणजे कागदाची पुडी असायची. सैनिक ती दातानं फाडायचा, दारू नळीत ओतायचा, मग गोळी ठासायचा. १८५७ च्या धड्यात आपण ज्या चरबी लावलेल्या काडतुसांबद्दल वाचतो ती हीच. ठासणीची बंदूक आजही काही परवान्यांवर आहे आणि तिला काडतूस लागतच नाही. दारू, बोळा, छर्रे, टोपी, सगळं वेगवेगळं भरायचं.

आजच्या काडतुसात हे सगळं एकाच डबीत बंद असतं. बाहेरची डबी म्हणजे केस, जिला पोलिसांच्या पंचनाम्यात पुंगळी म्हणतात. तिच्या बुडाला प्रायमर, म्हणजे ठोका बसला की ठिणगी देणारी छोटी टोपी. आत दारू आणि पुढं गोळी. बारा बोअरच्या काडतुसात गोळीऐवजी छर्रे असतात, आणि दारू व छर्ऱ्यांच्या मध्ये प्लॅस्टिकचा किंवा नमद्याचा बोळा असतो. त्याला वॅड म्हणतात.

चाप ओढला की प्रायमर पेटतो, दारू जळते, वायूच्या दाबानं गोळी पुढं जाते. प्रायमर संपला, दारू संपली, गोळी गेली. मागं उरते ती पुंगळी. रायफल आणि पिस्तुलाच्या काडतुसात पुंगळी पितळेची असते आणि बहुतेक वेळा चारही भागांत तीच सगळ्यात महाग असते. रिलोडिंगचा सगळा धंदा या एका गोष्टीवर उभा आहे. महागाचा भाग जिवंत राहतो, स्वस्तातले तीन बदलायचे.

मग नुसतं दारू आणि गोळी भरून का चालत नाही?

कारण पुंगळी फुगलेली असते. गोळी सुटताना आतल्या दाबानं पितळ फुलतं आणि नळीच्या भिंतीला घट्ट चिकटतं. ते चांगलंच असतं, कारण त्यामुळं गरम वायू मागं, नेमबाजाच्या तोंडावर येत नाही. दाब उतरला की पितळ थोडं आकसतं, म्हणून पुंगळी बाहेर काढता येते. पण ते पूर्वीच्या मापावर येत नाही. तोंड सैल झालेलं असतं, त्यात नवी गोळी पकडून राहत नाही.

ती पुन्हा मापात आणायला डाय लागतो.

डाय आणि प्रेस समजायचं असेल तर दिवाळीतला चकलीचा सोऱ्या आठवा. सोऱ्या एकच असतो, चकत्या बदलतात. शेवेची चकती लावली तर शेव, चकलीची लावली तर चकली. प्रेस म्हणजे सोऱ्या, जो फक्त जोर देतो. डाय म्हणजे चकती, जी आकार देते. फरक एवढाच की इथं चकती चुकली तर फराळ बिघडत नाही, बंदूक फुटते.

डाय म्हणजे पोलादाचा जाड पोकळ नळकांडा. त्याच्या आतली पोकळी एका विशिष्ट काडतुसाच्या बाहेरच्या मापाची कापलेली असते. प्रेसचा दांडा ओढला की खालचा दट्ट्या पुंगळीला या पोकळीत जोरानं वर ढकलतो आणि फुगलेलं पितळ पुन्हा दाबून मापात बसतं. डायच्या मधोमध एक बारीक पिन असते. ती त्याच झटक्यात जुना प्रायमर ठोकून बाहेर पाडते.

डाय सहसा एकटा विकत मिळत नाही, संच मिळतो. रायफलच्या बाटलीसारख्या, गळा असलेल्या काडतुसासाठी दोन डायचा संच असतो. एक माप बसवायला, दुसरा गोळी ठराविक खोलीपर्यंत बसवायला. पिस्तुलाच्या सरळ नळीसारख्या काडतुसाला तीन लागतात, कारण गोळी बसण्याआधी तोंड किंचित रुंद करावं लागतं. काही जण गोळीभोवती तोंड आवळायला चौथा डायही घेतात.

डाय निवडताना परदेशात लोक काय बघतात?

पहिली गोष्ट काडतुसाचं नाव. .३०८ चा डाय .३०-०६ ला चालत नाही, दोन्हींत गोळीचा व्यास एकच असला तरी. पुंगळीची लांबी आणि खांदा वेगळा असतो.

दुसरी गोष्ट, पूर्ण माप बसवायचं की फक्त गळा. पुंगळी परत त्याच रायफलमध्ये वापरायची असेल तर काही नेमबाज फक्त गळा आवळतात. बाकीचं अंग त्या रायफलच्या घराच्या मापाला फुललेलं असतं, ते तसंच ठेवतात. त्यानं पितळ कमी थकतं. पण तीच पुंगळी दुसऱ्या रायफलमध्ये घातली तर अडकू शकते. शिकारीला जाणारे म्हणून पूर्ण मापाचा डायच घेतात. ऐन वेळी काडतूस अडकणं त्यांना परवडत नाही.

तिसरी गोष्ट धातू. साध्या पोलादी डायमध्ये पुंगळी घालण्याआधी तिला खास वंगण लावावं लागतं. विसरलं की पुंगळी आत अशी रुतते की ड्रिल मारूनच काढावी लागते. सरळ नळीच्या काडतुसांसाठी टंगस्टन कार्बाइडचं कडं बसवलेले डाय मिळतात, ते महाग, पण वंगणाची कटकट नाही. गळा असलेल्या काडतुसाला मात्र कार्बाइड घेतला तरी वंगण लागतंच. हा मुद्दा नवखे लोक हमखास विसरतात.

चौथा मुद्दा प्रायमरचा, आणि त्यात एक गंमत आहे. प्रायमर दोन पद्धतींचे असतात, बॉक्सर आणि बर्डन. बॉक्सर पद्धतीच्या पुंगळीच्या बुडाला मधोमध एकच भोक असतं, त्यामुळं डायची पिन सरळ आत जाऊन जुना प्रायमर पाडते. बर्डनला दोन बारीक भोकं असतात आणि मध्ये पितळेचाच उंचवटा असतो. तिथं पिन घातली तर पिन मोडते. एडवर्ड बॉक्सर इंग्रज, हायरम बर्डन अमेरिकन. आज अमेरिकेत इंग्रजाची पद्धत चालते आणि युरोपात बऱ्याच ठिकाणी अमेरिकनाची. अमेरिकेत घरगुती रिलोडिंग इतकं पसरलं त्यात या एका भोकाचा मोठा हात आहे.

सगळ्या कंपन्यांचे डाय एकमेकांच्या प्रेसमध्ये बसतात का? बहुतेक बसतात. डायच्या बाहेरच्या आट्यांचं माप जवळपास सगळीकडे ठरलेलं आहे, व्यास ७/८ इंच आणि इंचाला १४ आटे.

प्रेसचे तीन प्रकार

एकावेळी एकच डाय बसतो तो सिंगल स्टेज. शंभर पुंगळ्या घ्या, सगळ्यांचं माप बसवा. मग डाय बदला, सगळ्यांत गोळी बसवा. काम संथ, पण प्रत्येक टप्प्यावर नजर राहते. लांब पल्ल्याचे नेमबाज आणि नवशिके दोघंही हाच घेतात. त्याची चौकट बंद वर्तुळासारखी असेल तर जोर लावताना वाकत नाही, एका बाजूनं उघडी असेल तर हात घालायला सोपी. जड कामाला बंद चौकट बरी.

टरेट प्रकारात वरच्या चकतीवर चार-पाच डाय एकदम बसवतात आणि चकती फिरवत जातात. प्रोग्रेसिव्ह प्रकारात पुंगळ्याच फिरतात. दांडा एकदा ओढला की प्रत्येक पुंगळी एक टप्पा पुढं जाते आणि दर ओढीला एक तयार काडतूस बाहेर पडतं. तासाला शेकड्यांनी. पिस्तुलाच्या स्पर्धांत हजारोंनी गोळ्या झाडणारे लोक हा घेतात. धोकाही इथंच जास्त. चार गोष्टी एकाच वेळी घडत असतात आणि एका पुंगळीत दारू दोनदा पडली तर ते दिसायलाही वेळ मिळत नाही.

या यंत्रांची मोठी नावं अमेरिकन आहेत. आरसीबीएस, ली, हॉर्नाडी, रेडिंग, लायमन, डिलन. यातल्या आरसीबीएसची गोष्ट आपल्या विषयाशी अनपेक्षितपणे जुळते. १९४३ मध्ये, ऐन महायुद्धात, कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल गावी फ्रेड हंटिंग्टन नावाच्या माणसाला शिकारीसाठी चांगल्या गोळ्या मिळेनात. वडिलांच्या लाँड्रीच्या मागच्या खोलीत त्यानं वापरलेल्या .२२ च्या पुंगळ्यांपासून गोळ्यांचं आवरण बनवायचा डाय तयार केला. त्या डायच्या नावातल्या आद्याक्षरांवरून कंपनीचं नाव पडलं, आणि त्यातला रॉक चक म्हणजे डोंगराळ भागातला एक मोठा, घुशीसारखा, बिळं करणारा प्राणी. तुटवडा आणि एक उपद्रवी जनावर. तिकडं त्यातून उद्योग उभा राहिला, कारण अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी काडतूस भरायला संघराज्याचा परवाना लागत नाही. विकायला लागतो.

पण तुमची बंदूक तर बारा बोअर आहे

वर जे सगळं सांगितलं ते पितळी पुंगळीच्या रायफल-पिस्तुलाबद्दल. आपल्याकडे पीक संरक्षणासाठी असते ती ठासणीची बंदूक किंवा बारा बोअर. ठासणीच्या बंदुकीला पुंगळीच नाही, म्हणजे डायचा विषय संपला.

बारा बोअरची पुंगळी प्लॅस्टिकची किंवा कागदी असते, फक्त बूड पितळेचं किंवा पोलादाचं. ती साध्या प्रेस-डायमध्ये भरतच नाहीत. तिच्यासाठी वेगळं यंत्र असतं, एकाच बोअरसाठी जुळवलेलं. ते बुडाचं माप बसवतं, प्रायमर बदलतं, दारू सोडतं, वॅड दाबतं, छर्रे सोडतं आणि शेवटी प्लॅस्टिकच्या तोंडाला सहा किंवा आठ घड्या घालून कळीसारखं मिटवतं. वॅडची उंची, दारूचा प्रकार, पुंगळीची आतली जाडी, सगळं एकमेकांशी जुळावं लागतं. एक बदललं तर दाब बदलतो. शिवाय प्लॅस्टिकचं तोंड काही वेळा वापरलं की चिरतं. त्यामुळं रायफलच्या पितळेसारखी बचत इथं होत नाही. अमेरिकेतही स्वस्त बारा बोअर काडतूस भरत बसण्यापेक्षा विकत घेणं बरं, असं म्हणणारे पुष्कळ आहेत.

आणि .२२? तिची पुंगळी व्यवहारात पुन्हा भरताच येत नाही. तिच्यात वेगळा प्रायमर नसतो, ठिणगीचा मसाला बुडाच्या कडेतच भरलेला असतो आणि ठोका बसला की ती कड चेपते. एनसीसीत मी .२२ च्या पाच गोळ्या झाडल्या होत्या आणि नंतर गवतात रांगत पाचही पुंगळ्या शोधल्या होत्या. वाटलं होतं, पुन्हा भरत असतील. नाही, फक्त हिशोब लागायचा होता.

महाराष्ट्राचे नावाजलेले नेमबाज याच गोळीवर मोठे झाले. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनची विश्वविजेती झाली. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्य जिंकलं. दोन्ही प्रकार .२२ चे. हे नेमबाज गोळी भरत नाहीत, निवडतात. कारखान्यातून एकाच खेपेत निघालेल्या गोळ्या आपल्या रायफलमधून झाडून बघतात आणि जी खेप सगळ्यात छोटा झुपका पाडते ती घेतात. त्यामुळं ऑलिंपिकमधल्या रायफलच्या पदकासाठी रिलोडिंग लागतं, हा समज चुकीचा आहे.

कायद्यात नेमकं काय लिहिलंय?

शस्त्र अधिनियम, १९५९. यातली तीन कलमं एकत्र वाचायला हवीत.

कलम ३ शस्त्र आणि दारूगोळा मिळवणं व बाळगणं यासाठी आहे. आजोबांचा परवाना या कलमाखालचा. कलम ५ दारूगोळा बनवणं, विकणं, बदल करणं, दुरुस्त करणं, चाचणी घेणं यासाठी आहे आणि त्याला वेगळा परवाना लागतो. पहिला परवाना असला म्हणजे दुसरा आपोआप मिळत नाही. रिकाम्या पुंगळीपासून जिवंत काडतूस बनवलं तर ते बनवणंच झालं, मग ते स्वतःच्या शेतासाठी का असेना.

आणि आता ते कलम, जे बहुतेक जण वाचतच नाहीत. कलम २ मधली दारूगोळ्याची व्याख्या. त्यात काडतुसाबरोबर काडतुसाचे भाग आणि दारूगोळा तयार करण्याची यंत्रसामग्रीही येते. म्हणजे प्रेस आणि डाय हे कायद्याच्या दृष्टीनं लोखंडी अवजार राहत नाहीत, ते स्वतःच दारूगोळा ठरतात. इथून पुढचं सगळं आपोआप ठरतं. परदेशी वेबसाइटवरून डाय मागवला तर ती दारूगोळ्याची आयात होते आणि कलम १० प्रमाणे तिला परवाना लागतो. पार्सलवर हार्डवेअर टूल लिहिलं म्हणून फरक पडत नाही. गावातल्या लेथवाल्याला नमुना दाखवून डाय करून घेतला तर तोही अडकतो, बिचाऱ्याला आपण काय घडवतोय हे कळलेलं असो वा नसो, चौकशीला सामोरं जावंच लागतं.

शिक्षा कलम २५ मध्ये. डिसेंबर २०१९ मध्ये दुरुस्ती लागू झाल्यापासून परवान्याशिवाय शस्त्र किंवा दारूगोळा बनवणं यासाठी किमान सात वर्षं आणि कमाल जन्मठेप, वर दंड. त्याच दुरुस्तीनं एका व्यक्तीला ठेवता येणाऱ्या बंदुका तीनवरून दोन केल्या आणि परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षं केली.

माझं मत विचाराल तर, खेळाडू आणि शेतकरी यांना एकाच तराजूत तोलणारी ही व्याख्या फारच रुंद आहे. पण ज्या राज्यांत गावठी कट्ट्यांसाठी काडतुसांचा काळाबाजार चालतो तिथल्या पोलिसांचं म्हणणं अगदी उलट असेल, आणि त्यात तथ्य आहे. कट्टा कुणीही लेथवर बनवतो. त्याला जिवंत काडतूस मिळू न देणं हाच खरा अडसर आहे.

घरी भरताना काय बिघडतं?

कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी अपघात बाजूला ठेवता येत नाहीत. दारू जास्त पडली तर नळी किंवा मागचा भाग फुटतो आणि डोळे-बोटं जातात. दारू पडलीच नाही तर ते आणखी फसवं. नुसत्या प्रायमरच्या जोरावर गोळी नळीत अर्ध्यावर जाऊन अडकते. आवाज बारीक येतो, माणूस समजतो काडतूस फुसकं निघालं आणि दुसरं घालून चाप ओढतो. पुढं बंद नळी, मागं पूर्ण दाब.

दारूचं मिसळणंही तसंच. काळी दारू आणि आजची बिनधुराची दारू या दोन वेगळ्या वस्तू आहेत. बिनधुराची दारू ठासणीच्या बंदुकीत काळ्या दारूच्या मापानं घातली तर ती नळीचा बॉम्ब करते. दोन्ही दिसायला काळपट दाणे, हाच धोका.

एक गोष्ट मात्र विकतचं काडतूस वापरणाऱ्यांनीही बघायला हवी, आणि हा लेख वाचून एवढंच केलंत तरी चालेल. जुन्या विलायती किंवा बेल्जियन दोननळीचं काडतुसाचं घर पुष्कळदा ६५ मिलिमीटरचं असतं. आज सर्रास मिळतं ते ७० चं. काडतुसाची लांबी उघडलेल्या पुंगळीची मोजतात. घड्या मिटलेलं ७० चं काडतूस त्याहून आखूड असतं, म्हणून ते ६५ च्या घरात विनातक्रार बसतं. चाप ओढल्यावर घड्या उघडतात, त्यांना जागा नसते, त्या नळीच्या अरुंद तोंडात घुसतात आणि दाब वाढतो. नळ्या खाली वाकवून त्यांच्या बुडाशी कोरलेले आकडे बघा. ६५ किंवा अडीच इंच लिहिलं असेल तर विक्रेत्याला तेच सांगा. नळीवर लाकडाच्या रेषांसारखी नक्षी दिसत असेल तर ती बहुधा दमास्कस नळी, काळ्या दारूच्या जमान्यातली. परवानाधारक कारागिराला दाखवल्याशिवाय तिच्यातून काहीही झाडू नका.

काडतूस येतं कुठून, आणि कुणावर झाडता येतं?

बारा बोअरची शक्तिमान काडतुसं पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यातली. हा कारखाना १८६९ चा. ऑक्टोबर २०२१ पासून तो म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीत आहे. भुसावळजवळच्या वरणगावचा कारखानाही छोट्या शस्त्रांच्या काडतुसांसाठीच ओळखला जातो. म्हणजे काडतूस बनतं महाराष्ट्रातच, पण शेतकऱ्यापर्यंत येतं परवानाधारक विक्रेत्यामार्फत आणि परवान्यावर नोंद होऊन. किती घेता येतील तो आकडा परवान्यावरच लिहिलेला असतो. कमी पडत असतील तर वाढीचा अर्ज जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे करता येतो. हा कंटाळवाणा रस्ता आहे, पण रस्ता आहे.

नव्या परवान्याबद्दल कलम १३ मध्ये एक तरतूद शेतकऱ्याच्या बाजूची आहे. खऱ्याखुऱ्या पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याबद्दल तिथं स्पष्ट लिहिलंय. आणि ठासणीची पुरेशी नाही असं अधिकाऱ्याला पटलं तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूकही देता येते. अर्जात नुसतं पीक संरक्षण असं न लिहिता कोणतं जनावर, किती क्षेत्र, कोणती पिकं, पूर्वीच्या नुकसानीचे पंचनामे हे जोडलेलं बरं.

बंदूक आहे म्हणून जनावर मारता येतं, असंही नाही. २०१५ मध्ये राज्य सरकारनं पिकाची नासधूस करणारी रानडुकरं आणि रोही यांच्या पारधीला परवानगीची पद्धत ठरवून दिली. अर्ज वनक्षेत्रपालाकडे करायचा. ही परवानगी त्या दोनच प्राण्यांसाठी आहे. वाशिम जिल्ह्यात हे विसरणं महागात पडतं, कारण इथं कारंजा-सोहोळचं काळवीट अभयारण्य आहे आणि त्याच्या बाहेरच्या शेतांतही काळवीट चरताना दिसतात. काळवीट वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. पिकासाठी त्याला मारायची परवानगी मिळत नाही. रात्री टॉर्चच्या उजेडात नुसते डोळे चमकतात, तेव्हा कोण रोही आणि कोण काळवीट हे ओळखायची खात्री नसेल तर चाप न ओढणं एवढंच हातात उरतं.

त्यात निवडणुका. आचारसंहिता लागली की परवानाधारकांना बऱ्याचदा बंदुका पोलिस ठाण्यात जमा कराव्या लागतात. २०२४ ची विधानसभा २० नोव्हेंबरला झाली, म्हणजे तूर फुलाशेंगांवर आणि हरभरा नुकताच उगवलेला. त्या काळात जागल, फटाके आणि कुंपण यांवरच भागवावं लागतं. सौर झटका मशीनला काही गावांसाठी वन विभागाकडून अनुदान मिळतं, आपलं गाव यादीत आहे का ते वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारता येतं. घरच्या लाइनचा करंट थेट तारेत सोडणं मात्र वेगळी गोष्ट. त्यानं डुक्कर मरण्याआधी शेजारचा माणूस मरतो, आणि गुन्हा शेतमालकावर दाखल होतो.

पेटीतल्या जुन्या काडतुसांचं काय करायचं?

हा प्रश्न रिलोडिंगपेक्षा जास्त घरांत आहे. आजोबा गेले, परवाना त्यांच्या नावावर होता, आणि पेटीत बंदुकीबरोबर वीस-पंचवीस काडतुसं निघाली. कागदी पुंगळ्या ओल धरून फुगलेल्या, बुडावर हिरवा गंज. अशी काडतुसं उघडून दारू काढू नका, चुलीत किंवा विहिरीत टाकू नका, उन्हात वाळवून वापरायचा प्रयत्न तर अजिबात नको. परवानाधारकाचं निधन झालं की ती बंदूक आणि काडतुसं घरात ठेवणं कायदेशीर राहत नाही. कलम २१ प्रमाणे ती जवळच्या पोलिस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची, पावती घ्यायची, आणि वारसाला बंदूक हवी असेल तर त्या पावतीसह स्वतःच्या नावानं परवान्याचा अर्ज करायचा.

ठाण्यात जाताना काडतुसं बंदुकीत भरलेली नाहीत ना, हे घरातून निघण्याआधी बघा. पेटी उघडायच्या आधी ठाण्यात फोन करून सांगितलं तर आणखी बरं, बऱ्याचदा ते स्वतःच माणूस पाठवतात.